बाबांच्या दुकानातला अख्खा लॉट

६ जानेवारी २०२५ रोजी गाळ्याच्या मालकांचा फोन आला आणि पाडव्यापर्यंत गाळा मोकळा मिळाला तर बरे होईल, असे त्यांनी अतिशय संकोचाने सांगितले. बाबांना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. त्यांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान १९८४ साली सुरू झाले आणि गिऱ्हाईक जवळजवळ थांबल्यानंतरही, तब्येत साथ देत होती तोवर, ते रोज सकाळी शटर उघडून बसत असत. पश्चिम महाराष्ट्रातल्या आमच्या तालुक्याच्या गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या कार्यालयांचा उल्लेख येईल तेथली माणसे मला रोज रस्त्यात भेटतात आणि त्यांच्यापैकी कोणी जाणूनबुजून वाईट वागले, असेही नाही. गाळ्यातला माल हलवायला मला साडेतीन महिने लागले. टीव्ही दुरुस्तीची अशी जुनी दुकाने महाराष्ट्रात अनेक गावांत असणार आणि त्यांची शटरे कधी ना कधी कोणाला तरी उघडावी लागणार, म्हणून हे सगळे तारखांसह लिहून ठेवत आहे.

संक्रांतीनंतरच्या दोन रविवारी दादांनी आणि मी मोजदाद केली. दादा म्हणजे बाबांकडे वीस वर्षे काम केलेले कारागीर. त्यांना आमच्या घरात आईपासून सगळेच दादा म्हणतात. टीव्ही ३८ निघाले, त्यांतले ११ कृष्णधवल. सुट्या पिक्चर ट्यूबा २३. त्याशिवाय ११ स्टॅबिलायझर, ६ व्हीसीआर, ४ यूपीएस, दोन खोकी भरून रिमोट, एक पोते वायर, बिस्किटांच्या डब्यांत कंडेन्सर, ट्रान्झिस्टर आणि आयसी, व्हॉल्व्हचे तीन रेडिओ, जळालेल्या सीएफएल दिव्यांची आणि ट्यूबलाइटची एक पेटी, आणि माझेच दोन बंद लॅपटॉप व घरातले सहा जुने मोबाइल, कारण ‘दुकानात नेऊन ठेव, बाबा बघतील’ हे आमच्या घरातले ठरलेले वाक्य होते.

बऱ्याच सेटांच्या मागे दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. तिच्यावर गिऱ्हाइकाचे नाव, तारीख, तक्रार आणि ठरलेले पैसे बाबांच्या अक्षरात लिहिलेले असत. एका चिठ्ठीवर लिहिले होते, ‘फोटो आहे, आवाज नाही, ३५०, मंगळवारी नेणार’, आणि तारीख होती २००९ सालची. हा माल सगळाच आपला नाही, हे तेव्हा प्रथम लक्षात आले. मी शटरवर पंधरा दिवसांची सूचना लावली, चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवले आणि ज्या ज्या क्रमांकावर फोन लागेल तेथे केला; पण बहुतेक क्रमांक पाच आकडी लँडलाइनचे होते आणि ते केव्हाच बंद पडले होते. दोन माणसे आली. एकाने आपला सेट आठवण म्हणून नेला, दुसऱ्याने तो नुसता पाहिला, मागची चिठ्ठी तेवढी मागून घेतली आणि सेट मात्र ‘तुम्हीच बघा’ म्हणून सोडून दिला. ही सूचना आणि हे फोटो पुढे मालकीच्या कागदासाठी उपयोगी पडले, म्हणून कोणी असे दुकान आवरत असेल तर हे पहिल्याच आठवड्यात करून ठेवावे.

२२ जानेवारीला भंगारवाले आले. त्यांनी अर्धा तास फिरून माल पाहिला आणि सगळ्याचे मिळून ११,००० रुपये सांगितले. रक्कम मला वाजवी वाटली. ट्यूबांचे काय करणार, असे विचारल्यावर त्यांनी काहीही न लपवता सांगितले की, ट्यूब फोडायची, मानेवरचा योक, म्हणजे तारेचे वेटोळे, काढायचा, त्यातले तांबे घ्यायचे, वायरी जाळून तांबे मोकळे करायचे आणि काच जुन्या खाणीत टाकायची. मी गप्प झालेली पाहून ते म्हणाले, “काच कोण घेणार, ताई?”

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. रंगीत पिक्चर ट्यूबच्या मागच्या, नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके शिशाचे ऑक्साइड असते. आत तयार होणारे क्ष-किरण बाहेर पडू नयेत म्हणून ते घातलेले असते. ट्यूबा बनत होत्या तोवर ही काच वितळवून नव्या ट्यूबांत वापरता येत असे. ट्यूबा बनवणे जगभर जवळजवळ बंद झाल्यावर त्या काचेला फारसे गिऱ्हाईक उरले नाही. फोडून उघड्यावर टाकली की पडद्याच्या आतल्या बाजूची चमकती पूड वाऱ्यावर जाते आणि काचेतले शिसे वर्षानुवर्षे पावसाच्या पाण्यात थोडे थोडे उतरत राहते. आमच्या गावाजवळच्या त्या खाणीत उन्हाळ्यात म्हशी डुंबतात. मी भंगारवाल्यांना चहा दिला आणि नंतर कळवते असे सांगितले. संध्याकाळी आईला हे सांगितल्यावर ती एवढेच म्हणाली की, अकरा हजार ही तुझ्या बाबांची एका काळची चार महिन्यांची कमाई होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, आणि त्याचे कारण केवळ पर्यावरण नव्हते.

३ फेब्रुवारीला नगरपालिकेत गेले. पुढच्या आठ दिवसांत तेथे एकूण तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला आरोग्य विभागाने स्वच्छता निरीक्षकांकडे पाठवले आणि निरीक्षक बैठकीला गेले होते. दुसऱ्या खेपेला ते भेटले, पण घंटागाडी असला माल घेत नाही, असे म्हणाले. हे उत्तर एका अर्थी बरोबर होते, कारण घनकचऱ्याचे तेव्हाचे, २०१६ चे, नियम ई-कचऱ्याला लागू होत नव्हते. त्याचे नियम वेगळे आहेत. तिसऱ्या खेपेला मी ते वेगळे नियम छापून नेले. ई-कचरा व्यवस्थापनाचे सध्याचे नियम २ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत १०६ प्रकारच्या विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू आहेत. शेवटच्या भागात शहरी स्थानिक संस्थांची कर्तव्ये दिली आहेत आणि त्यांत एक कर्तव्य असे आहे की, ‘अनाथ उत्पादनांचा’ ई-कचरा गोळा करून नोंदणीकृत रिसायकलरकडे, म्हणजे पुनर्चक्रण करणाऱ्या कारखान्याकडे, पोहोचवावा.

अनाथ म्हणजे ज्यांचा उत्पादक आता सापडत नाही अशा वस्तू. आमच्या गाळ्यात अपट्रॉन, सॉलिडेअर अशा जुन्या कंपन्यांचे सेट होते, काहींवर तर स्थानिक जुळणी करणाऱ्यांची नावे होती आणि ती बाबांखेरीज कोणाला ठाऊक असतील असे वाटत नाही. सरकारी कागदात इतका हळवा शब्द क्वचित सापडतो. निरीक्षकांनी तो दोनदा वाचला, मग प्रामाणिकपणे सांगितले की, कर्तव्य लिहिलेले असले तरी त्यासाठी जागा, माणूस किंवा तरतूद यांपैकी काहीच अजून त्यांच्याकडे आलेले नाही. तरीही मी लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. तोंडी नकार कितीही सौजन्याने मिळालेला असला तरी पोच घ्यावीच, कारण पुढे रिसायकलरने ‘हा माल कोणत्या गावचा, कोणाच्या माहितीने चालला आहे’ असे विचारले तेव्हा तोच कागद दाखवता आला. निरीक्षकांनी एक मोठे काम मात्र जागच्या जागी केले. सीएफएल दिवे आणि ट्यूबलाइट घरगुती घातक कचऱ्यात मोडतात, त्यांच्यासाठीची पेटी घंटागाडीवर होती आणि आमची सगळी पेटी त्यांनी त्याच दिवशी उचलून नेली. नेताना दोन दिवे फुटले. त्यांत पारा असतो, म्हणून झाडू न फिरवता शटर उघडे ठेवून पंधरा मिनिटे बाहेर थांबलो, मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा केले, बारीक कण चिकटपट्टीने टिपून घेतले आणि सगळे झाकणाच्या बरणीत घालून त्या पेटीतच दिले.

१२ फेब्रुवारीला कंपन्यांकडे वळले. २०२२ च्या नियमांत सगळा भार विस्तारित उत्पादक जबाबदारीवर आहे, म्हणजे ज्याने वस्तू बाजारात आणली त्याने ती परत गोळा करून पुनर्चक्रणासाठी पोहोचवण्याची व्यवस्था करायची. अजून टीव्ही विकणाऱ्या दोन कंपन्यांचे मिळून १३ सेट गाळ्यात होते. टोल फ्री क्रमांकावर मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक आणि खरेदीची पावती मागितली गेली. १९९६ सालच्या सेटची पावती कोठून आणायची, असे मी विचारले, तेव्हा तक्रार ‘वरच्या पातळीवर’ गेली. १९ दिवसांनी, ३ मार्चला, एका कंपनीचा ईमेल आला की, आमच्या गावातून माल उचलण्याची सोय नाही, पण पुण्यातल्या संकलन केंद्रावर आणून दिल्यास ते त्यांच्या नावाचे सेट विनामूल्य घेतील. दुसऱ्या कंपनीचे उत्तर आजवर आलेले नाही. शहरात राहणाऱ्या आणि एकच सेट असणाऱ्या माणसाला हा मार्ग बहुधा सगळ्यांत सोपा पडेल. नवा टीव्ही घरपोच येतो तेव्हाच जुना परत नेण्याचे बोलून घ्यावे, कारण त्या वेळी विक्रेत्याची गाडी दारात उभी असते आणि परत जाताना ती रिकामीच असते.

मग रिसायकलर उरले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलरांची राज्यवार यादी आहे. ५ मार्चपासून त्या यादीतल्या नऊ ठिकाणी मी फोन केले. चार ठिकाणी फोन उचलला गेला. पहिल्याने किमान दोन टन माल असेल तरच गाडी पाठवू, असे सांगितले. दुसऱ्याला ट्यूबा नकोच होत्या. तिसऱ्याचा माणूस दोन दिवसांत स्वखर्चाने येऊन बोर्ड, ट्रान्सफॉर्मर आणि वायर घेऊन जायला तयार होता, भावही चांगला देत होता आणि म्हणत होता की, ट्यूबांचे तेवढे तुम्ही बघा.

खरे सांगायचे तर मी हो म्हणणार होते. पाडवा तीन आठवड्यांवर आला होता, नऊ ठिकाणी फोन करून मी थकले होते आणि नोंदणीकृत माणसाला निम्मा माल दिला तरी निम्मे काम नियमाने झाले, असे मनाला समजावत होते. दादांनी थांबवले. ते म्हणाले की, पेटीतले वरचे आंबे निवडून दिल्यावर खालच्या डागी आंब्यांना गिऱ्हाईक येत नाही. बोर्ड आणि तांबे गेले की या काचेसाठी कोणीही टेम्पो पाठवणार नाही आणि ती शेवटी त्याच खाणीत जाईल. माझ्या मते या साऱ्या खटाटोपात कळलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे. ई-कचऱ्यातले किमती तेवढे न्यायला नोंदणीकृत आणि बिगरनोंदणीकृत दोघेही सारखेच उत्सुक असतात. फरक कळतो तो नकोशा मालाचे ते काय करतात यावरून. म्हणून ठरवले की, देणार तर अख्खा लॉट देणार.

त्याच आठवड्यात एक एजंट भेटला. त्याने अख्खा लॉट उचलायची तयारी दाखवली आणि एक लॅमिनेट केलेले प्रमाणपत्रही पाठवले. मी पतसंस्थेत कर्जाचे कागद तपासण्याचे काम करते, त्यामुळे कोणत्याही कागदावर माझी नजर प्रथम मुदतीवर जाते. ते प्रमाणपत्र २०१६ च्या जुन्या नियमांखालचे, नुसती तोडणी करण्याच्या परवानगीचे होते आणि मुदत संपलेली होती. नव्या नियमांत नोंदणीचे चारच वर्ग आहेत: निर्माता (वस्तू बनवणारा), उत्पादक (ती बाजारात आणणारा), रिफर्बिशर (जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) आणि रिसायकलर. नुसता तोडणीवाला किंवा नुसते संकलन केंद्र असा स्वतंत्र नोंदणीचा वर्ग आता नाही. कोणी कागद दाखवला तर तो वाचावा, त्यावरचे नाव पोर्टलच्या यादीत स्वतः शोधावे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची मुदतही पाहावी. नाव, पत्ता आणि मुदत ताडून पाहायला दहा मिनिटे पुरतात.

पाडवा ३० मार्चला आला तेव्हा गाळा तसाच भरलेला होता. मालकांकडे गुढीच्या दिवशी पेढे घेऊन गेले आणि एक महिना मागितला. त्यांनी अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत दिली, भाडे २,५०० रुपये घेतले आणि त्यात गैर काहीच नव्हते.

८ एप्रिलला चौथ्या रिसायकलरशी, म्हणजे पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याशी, व्यवहार ठरला. मिश्र मालाला ते किलोला २२ रुपये देणार होते आणि ट्यूबेसह असलेले सेट व सुट्या ट्यूबा यांच्यासाठी किलोला ४ रुपये आमच्याकडून घेणार होते. टेम्पो आम्ही करायचा. मी त्यांना तीनच प्रश्न विचारले होते: ट्यूब तुमच्याकडेच कापता की पुढे पाठवता, शिशाची काच शेवटी कोठे जाते, आणि माल उतरवताना मी तेथे उभी राहिले तर चालेल का. तिसऱ्या प्रश्नाला ते न अडखळता हो म्हणाले, म्हणून पहिल्या दोन उत्तरांवर विश्वास ठेवला.

कागदांत आणखी आठ दिवस गेले. माल चोरीचा नाही हे त्यांना पाहावे लागते, त्यामुळे दुकानाचा शॉप ॲक्टचा परवाना मागितला गेला. तो बाबांच्या नावे होता. मग बाबांच्या मृत्यूचा दाखला, आईचे आणि माझे आधार, वारस म्हणून आम्हा दोघींचे स्वयंघोषणापत्र, गिऱ्हाइकांच्या सेटांबाबत शटरवर लावलेल्या सूचनेचा फोटो, वजनाच्या अंदाजासह मालाची यादी आणि नगरपालिकेची पोच असा गठ्ठा १६ एप्रिलला पूर्ण झाला. परवान्याच्या छायाप्रतीवर आईने सही केली तेव्हा बाबांच्या नावापुढे ‘मयत’ हा शब्द तिने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने लिहिला. त्या दिवशी आम्ही पुढचे काही काम केले नाही.

मधल्या दिवसांत बाकीचा माल वेगळा काढला. व्हॉल्व्हचे रेडिओ, ऑसिलोस्कोप, चालू स्थितीतले एलओटी (टीव्हीतले हायटेन्शनचे ट्रान्सफॉर्मर) आणि डब्यांतले सुटे भाग दादांनी नेले, शिवाय दोन सेट सुट्या भागांसाठी घेतले. चालणारी वस्तू कोणाच्या कामी येत असेल तर तिचा कचरा करण्यात काहीच अर्थ नाही. यूपीएसमधल्या चार बॅटऱ्या बॅटरी विक्रेत्याने वजनावर ७२० रुपयांना घेतल्या. शिशाच्या बॅटऱ्यांसाठी परतीची साखळी जुनी आणि पक्की आहे आणि त्यांचे नियमही वेगळे, २०२२ चेच, आहेत, तेव्हा त्या ई-कचऱ्यात मिसळू नयेत. एका मोबाइलची बॅटरी फुगून पापडासारखी झाली होती. तिला टोचायचे नाही, दाबायचे नाही, चार्ज तर अजिबात करायचे नाही. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, कोरड्या वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ती ठेवली आणि डबा घराबाहेर ओट्यावर ठेवला.

माहितीचा प्रश्नही होता. लॅपटॉपच्या हार्डडिस्क मी काढून घेतल्या. नुसते फॉरमॅट केल्याने अनुक्रमणिका तेवढी फाटते, पुस्तक जागच्या जागी राहते. म्हणून जी डिस्क चालू होती तिच्यावर पूर्णभर शून्ये लिहिणारा प्रोग्रॅम रात्री लावून ठेवला. दुसरी बंद पडली होती. तिला ड्रिल मारायला दादा निघाले होते, परंतु लॅपटॉपच्या पुष्कळ डिस्कची तबकडी काचेची असते आणि तिचे तुकडे उडतात, म्हणून ती आधी जाड कापडात गुंडाळली, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि मग काम केले. मोबाइलमधून सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढावे, आधी गूगल खाते काढून टाकावे आणि त्यानंतर फोन रिसेट करावा. क्रम उलटला तर फोन खात्याच्या कुलुपात अडकतो आणि दुरुस्त करून वापरणाऱ्याला निरुपयोगी होतो.

२२ एप्रिलला सकाळी साडेसहाला टेम्पो लागला. भाडे ९,५०० रुपये ठरले होते. मी या कामात आहे हे ऐकून शेजारच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी आपले नऊ जुने मॉनिटर आणि काही प्रिंटर त्यात घातले, त्यांचे वजन आणि कागद वेगळे ठेवले आणि भाड्यापैकी २,५०० रुपये दिले. हे मला जानेवारीतच सुचायला हवे होते. एका दुकानाच्या मालासाठी टेम्पो परवडत नाही, पण क्लास, फोटो स्टुडिओ, शाळेची बंद संगणक खोली यांचा माल एकत्र केला तर भाडे वाटले जाते आणि दोन टनांची अट घालणाराही मग गाडी पाठवतो.

सेट चढवण्यापूर्वी दादांनी प्रत्येक ट्यूबची हायटेन्शनची टोपी प्लास्टिकची मूठ असलेल्या स्क्रूड्रायव्हरने आणि अर्थच्या वायरने डिस्चार्ज करून, म्हणजे आत साठलेली वीज उतरवून, पाहिली. इतक्या वर्षांनी तेथे काही उरलेले नसते, असे तेच म्हणाले आणि तरीही एकही ट्यूब त्यांनी सोडली नाही. ज्यांना हे काम येत नाही त्यांनी सेटचे मागचे झाकण उघडूच नये, सेट आहे तसाच द्यावा. सुट्या ट्यूबा पडदा खाली आणि मान वर अशा, आईच्या जुन्या गोधड्यांवर ठेवल्या. मान नाजूक असते, ती मोडली की हवा जोराने आत घुसते. हमालांना हातमोजे आणि बूट दिले, हमाली १,२०० रुपये झाली. गावाबाहेरच्या वजनकाट्यावर १०० रुपये देऊन भरलेल्या गाडीचे वजन केले आणि पावती जपून ठेवली. कारखान्याच्या काट्यावर १२ किलोंचा फरक आला, तो त्यांनी लगेच मान्य केला.

कारखान्यात काय दिसेल याची मला धास्ती होती. प्रत्यक्षात ती एक मोठी, उजेडाची आणि बऱ्यापैकी गोंगाटाची शेड होती. टेबलांवर धूळ ओढून घेणाऱ्या नळ्या होत्या आणि मास्क लावलेली माणसे स्क्रू काढत होती. बाबांच्या टेबलावरचेच काम, फक्त उलट्या दिशेने चाललेले. ट्यूब कापताना मी पाहिली. आधी तिच्यातली निर्वात पोकळी सावकाश हवा आत सोडून संपवतात, मग पुढच्या आणि मागच्या काचेच्या सांध्याभोवती विजेने तापणारी तार आवळतात. थोड्या वेळाने सांध्यावर तडा जातो आणि पडद्याची काच झाकणासारखी वेगळी होते. आतली पांढुरकी पूड नळीने ओढून घेतात. पुढच्या काचेचा ढीग वेगळा, मागच्या शिशाच्या काचेचा वेगळा, आणि त्या दुसऱ्या ढिगाच्या पोत्यांवर घातक कचऱ्याची पिवळी लेबले होती.

ती पोती कोठे जातात, हे मी पुन्हा विचारले. तेथल्या व्यवस्थापकांनी सांगितले की, घेणारा भट्टीवाला मिळाला तर तिकडे, नाहीतर घातक कचऱ्याच्या सामाईक केंद्रात. महाराष्ट्रात अशी केंद्रे तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आहेत. तेथे तळाशी अस्तर घातलेल्या, झिरपणारे पाणी गोळा करणाऱ्या खड्ड्यात ती ठेवली जाते. म्हणजे भंगारवाल्यांच्या प्रश्नाचे उत्तर येथेही बहुतेक वेळा ‘कोणी नाही’ असेच होते. मला थोडी निराशा वाटली, कारण पुनर्चक्रण म्हणजे वस्तूचा पुनर्जन्म, अशी माझी समजूत होती. किलोला चार रुपये मी पुनर्जन्मासाठी दिले नव्हते. ती काच जेथे कोणाची म्हैस जाणार नाही अशा ठिकाणी राहावी, एवढ्यासाठी दिले होते.

अंतिम वजन असे भरले: ३५ सेट आणि २३ ट्यूबा मिळून ८०६ किलो, बाकीचा मिश्र माल ३१२ किलो. मिश्र मालाचे ६,८६४ रुपये मिळाले, ट्यूबांचे ३,२२४ रुपये द्यावे लागले. टेम्पोचा माझा वाटा ७,०००, हमाली १,२००, गाळ्याचे जादा भाडे २,५००. बॅटऱ्यांचे ७२० रुपये जमेला धरले तरी, किरकोळ खर्च सोडून, पदरचे ६,३४० रुपये गेले. भंगारवाल्यांचे ११,००० हातात आले असते ते वेगळेच. हा आकडा मी लपवत नाही, कारण हे सगळे विनामूल्य होते असे समजून कोणी निघाला तर तिसऱ्या फोनलाच त्याचा धीर सुटेल.

३० एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला, किल्ली परत दिली. पुनर्चक्रणाचे प्रमाणपत्र १९ मेला, म्हणजे २७ दिवसांनी आणि चार वेळा आठवण केल्यावर आले. त्यावर वजन, तारीख, मालाचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक आहे. आईने ते बाबांच्या परवान्याच्या फाइलीत लावले. सगळ्या चिठ्ठ्या मी एका डब्यात ठेवल्या आहेत, त्यांचे काय करायचे ते ठरलेले नाही.

२ जूनला मालकांचा पुन्हा फोन आला. नव्या भाडेकरूने पोटमाळा झाडायला घेतला तेव्हा तेथे पत्र्यामागे आणखी एक ट्यूब सापडली होती, एकवीस इंची, रंगीत. रिक्षाने ती घरी आणली. एका ट्यूबसाठी टेम्पो होत नाही. कॉम्प्युटर क्लासच्या सरांकडे दिवाळीच्या सुमारास आणखी माल निघणार आहे, तोवर ती माझ्या पलंगाखाली गोधडीवर पडदा खाली करून ठेवली आहे, आणि केर काढणाऱ्या मावशींना तिकडे हात लावू नका म्हणून सांगून ठेवले आहे.